तिहुआनात अपॉइंटमेंट धरून बसलेल्यांचं आता नेमकं काय?

नवखा_सॅनडिएगोकर:

मंडळी, दोन वर्षं नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये रात्री साफसफाईला एक व्हेनेझुएलाच्या बाई येतात. मी उशिरापर्यंत बसतो त्यामुळे ओळख झाली, माझं स्पॅनिश म्हणजे आनंदच आहे पण फोनवरच्या भाषांतरावर आमचं भागतं. त्यांची धाकटी बहीण दोन मुलांना घेऊन जुलै २०२४ पासून बॉर्डरपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनात आहे, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. आश्रय मागण्यासाठी बहीण रोज अमेरिकेच्या सीमा खात्याच्या सीबीपी वन अ‍ॅपवर नंबर लावायची, सहा महिन्यांनी एकदाची २४ जानेवारी २०२५ ची अपॉइंटमेंट मिळाली आणि २० तारखेला ट्रम्प आले आणि सगळं रद्द. हे तेव्हा मी बातम्यांत वाचलं होतं आणि मला वाटलं होतं की नवी तारीख देतील, आपल्याकडे व्हिसाचा इंटरव्ह्यू पुढे ढकलतात तसं.

परवा बाईंनी बहिणीने पाठवलेला स्क्रीनशॉट दाखवला. तेच अ‍ॅप, पण नाव आता सीबीपी होम, आणि ते विचारतंय की तुम्हाला देश सोडून जायचं असेल तर इथे कळवा. अहो, ती देशात आलीच नाहीये अजून!

मला म्हणाल्या, तू शिकलेला आहेस, सांग आता पुढे काय. मला काही सांगता येईना. लंचला विषय काढला तर टेबलवरचे अर्धे लोक म्हणाले "रांगेत उभं राहावं ना मग", आता ती रांगेतच तर उभी होती ना? तर प्रश्न असा की सरकारनेच दिलेल्या अपॉइंटमेंटला काहीच किंमत नाही का, आणि हे नियम नक्की किती वेळा बदललेत, आणि मुख्य म्हणजे त्या बहिणीला आज काही करता येण्यासारखं आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (राजकीय हाणामारी नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.)

---

मोगरा_८१:

नवखा, बरं केलंस धागा काढलास. मी चुला व्हिस्टात राहते आणि दोन-अडीच वर्षं दर शनिवारी पलीकडे तिहुआनात एका निवाऱ्यात मदतीला जायचे, आता महिन्यातून एकदा जाते. कायद्याचं कलमबहाद्दर सांगतीलच, मी बघितलं तेवढं लिहिते.

पत्र्याचं छप्पर, आत छोटे छोटे तंबू रांगेने लावलेले, एका तंबूत एक कुटुंब. हॉलमध्ये सगळ्यात मौल्यवान जागा कुठली सांग? खिडकी नाही, चार्जिंगचा बोर्ड. कारण फोन बंद म्हणजे नंबर गेला. सुरुवातीला, म्हणजे २०२३ च्या जानेवारीपासून काही महिने, सकाळी ठरलेल्या वेळी अपॉइंटमेंट खुल्या व्हायच्या आणि दोन-चार मिनिटांत संपायच्या, तत्काळ तिकिटासारखं. नेटवर्क चांगलं त्याची चांदी. प्रत्येक माणसाचा फोटो अ‍ॅपमध्येच काढायचा, आणि हैतीच्या लोकांचे, सावळ्या पोरांचे चेहरे कॅमेरा ओळखायचाच नाही. एक बाई तान्ह्या पोराच्या तोंडावर दुसऱ्या फोनचा टॉर्च धरून बसलेली मला अजून दिसते, पोरगं डोळे मिटून घेतंय आणि अ‍ॅप म्हणतंय डोळे उघडा. भाषाही तीनच होत्या, इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीची क्रेओल, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं. पाच जणांच्या कुटुंबाला एकदम पाच जागा मिळेनात, मग आधी आईबापाचं करू का मुलांचं, यावरून भांडणं.

मे २०२३ मध्ये ते बदलून सोडत पद्धत आणली, दिवसभरात विनंती टाका, नंबर लागला तर कन्फर्म करायला २३ तास. ते जरा बरं होतं, जास्त दिवस थांबलेल्यांना थोडं झुकतं माप असायचं. नंतर दिवसाला १,४५० अपॉइंटमेंट सगळ्या बॉर्डरवर मिळून, आठ ठिकाणी. लोक सहा-सहा, आठ-आठ महिने थांबायचे. आणि थांबायचं म्हणजे मेक्सिकोतच, कारण अ‍ॅप लोकेशन बघायचं. बराच काळ फक्त मेक्सिको सिटी आणि तिच्या उत्तरेला चालायचं, ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिणेची चियापास आणि ताबास्को ही राज्यं घेतली. म्हणजे नियमच असा की ये, आमच्या दारापर्यंत ये, आणि दारात थांब.

२० जानेवारी २०२५ सोमवार होता, सुट्टी असल्यामुळे मी गेले होते. वॉशिंग्टनला दुपारचे १२ म्हणजे तिहुआनात सकाळचे ९. पहाटेच्या अपॉइंटमेंटवाले आत गेलेले. उरलेल्यांपैकी एक बाई मुलाच्या शर्टाला इस्त्री करत होती, गादीवर टॉवेल टाकून, कारण त्यांची दुपारची वेळ. शेजारच्या तंबूतून कोणीतरी ओरडलं. सगळ्यांनी फोन काढले तर एकच वाक्य, आधीच्या अपॉइंटमेंट आता ग्राह्य नाहीत. त्या बाईने फोन बाजूला ठेवला आणि राहिलेली बाही इस्त्री करून पूर्ण केली. रडणं वगैरे नंतर. मला तिथे काय करावं ते सुचेना, मी जाऊन चहाची भांडी घासत बसले.

तुझ्या ओळखीच्या बाईंची बहीण त्या सुमारे ३० हजारांतली, ज्यांच्या हातात पक्की तारीख होती. तारखेशिवाय थांबलेले वेगळेच, ते लाखांत.

---

कलमबहाद्दर:

मोगराताईंनी आवाज दिलाय तर येतो. मी टेक्सासमध्ये इमिग्रेशनच्या वकिलांकडे काम करतो, स्वतः वकील नाही, त्यामुळे हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

आधी एक खुलासा. अपॉइंटमेंट म्हणजे आश्रय नव्हे आणि व्हिसा तर नव्हेच. अमुक दिवशी अमुक नाक्यावर या, आम्ही तुमची तपासणी करू, एवढंच ते होतं. बहुतेकांना तपासणीनंतर पॅरोलवर, म्हणजे व्हिसाशिवाय तात्पुरत्या परवानगीवर, आत सोडायचे आणि हातात इमिग्रेशन कोर्टाची तारीख द्यायचे, मग पुढे आश्रयाचा अर्ज, सुनावणी, सगळं व्हायचं. त्यामुळे "सरकारने शब्द दिला होता" हे माणूस म्हणून बरोबर आहे, कोर्टात मात्र त्या स्क्रीनशॉटवर दावा उभा राहणं अवघड. वाईट याचं वाटतं की २०२३ च्या मे महिन्यात नियमच असा केला होता की अपॉइंटमेंटशिवाय आलात तर, थोडे अपवाद सोडले तर, तुम्ही आश्रयाला अपात्र. म्हणजे आधी सांगितलं हाच दरवाजा, बाकी कुठून आलात तर बघा, आणि मग तोच दरवाजा बंद.

मूळ कायदा बदललेला नाही हे कुणी सांगत नाही. अमेरिकी कायदेसंग्रहाच्या आठव्या शीर्षकातलं कलम ११५८ म्हणतं की जो अमेरिकेत आहे किंवा अमेरिकेत येऊन पोचतो, मग नाक्यावरून असो वा नसो, तो आश्रय मागू शकतो. १९८० च्या रेफ्युजी अ‍ॅक्टपासून हे आहे. गेल्या दहा वर्षांतली सगळी मारामारी कायदा न बदलता त्या "येऊन पोचतो" भोवती आहे. माणसाला रेषेवर पाय ठेवूच दिला नाही तर तो पोचला का?

२०१६ ला तिहुआनासमोरच्या सॅन इसिद्रो नाक्यावर हैतीचे लोक वाढले तेव्हा अधिकारी आज इतकेच घेऊ म्हणायला लागले, त्याला मीटरिंग म्हणतात, २०१८ मध्ये ते सगळ्या बॉर्डरवर पसरलं. अमेरिकेने यादी ठेवली नाही, मग पलीकडे लोकांनीच ठेवली. तिहुआनाची ती वही प्रसिद्ध आहे, एल चापारालच्या चौकात रोज सकाळी थांबलेल्यांपैकीच कुणीतरी टेबल टाकून नंबर पुकारायचं, एका नंबरावर दहा माणसं. कायद्यात त्या वहीला शून्य किंमत, आणि तरी ती चुकली तर माणसाचे महिने वाया.

मग जानेवारी २०१९ ला एमपीपी, म्हणजे "रिमेन इन मेक्सिको". नंबर लागून आत गेलेल्यालाही तारीख देऊन परत पाठवायचे, केस संपेपर्यंत मेक्सिकोत राहा. सुमारे ७० हजार लोक त्यात गेले. सुनावणी सकाळी असली तर पहाटे चारला पुलावर हजर, आणि त्या वेळी मातामोरोस किंवा नुएवो लारेदोच्या रस्त्यावर पोरं घेऊन फिरणं म्हणजे काय ते तिथल्यांना विचारा, अपहरण करणाऱ्या टोळ्या बसस्टँडवरच उभ्या. एक सुनावणी चुकली की गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम. वकील फार थोड्यांना मिळाले, कारण अमेरिकेतला वकील पूल ओलांडून जायला तयार नसायचा. शंभरात दोघांनाही आश्रय मिळाला नाही.

ते चालू असतानाच मार्च २०२० ला कोविड आणि टायटल ४२. १९४४ चा साथरोगाचा कायदा काढला आणि तीन वर्षं, ११ मे २०२३ पर्यंत, आश्रयाचं विचारायचंच नाही, सरळ परत. अठ्ठावीस लाखांच्या आसपास वेळा असं परत पाठवलं, एकेक माणूस अनेकदा. वहीत नंबर असलेले, एमपीपीची तारीख असलेले, सगळे तिथेच अडकले. बायडेन यांनी एमपीपी बंद केलं, टेक्सासच्या कोर्टाने परत सुरू करायला लावलं, जून २०२२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं बंद करू शकता. मातामोरोसच्या तंबूतल्या माणसाने यातून काय समजायचं? जून २०२४ ला पुन्हा नवीन, बेकायदा ओलांडणाऱ्यांची सात दिवसांची सरासरी २,५०० वर गेली की आश्रय बंद, आणि १,५०० च्या खाली येईपर्यंत उघडायचं नाही. वर अधिकारी स्वतःहून "परत जायची भीती वाटते का" असं विचारणार नाहीत, तुम्हीच बोललं पाहिजे. वकिलाशी बोलायला चोवीस तास मिळायचे त्याचे चार केले.

२० जानेवारी २०२५ चं तर माहीतच आहे. "आक्रमण" असं म्हणून दक्षिण सीमेवर आश्रय बंद, अ‍ॅप बंद, एमपीपी परत चालू. जुलैत वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने सांगितलं की राष्ट्राध्यक्षाला कायदा असा बाजूला सारता येत नाही, अपील कोर्टाने त्यातलं काही ठेवलं काही रोखलं, पण तो निकाल देशात पाय ठेवलेल्यांपुरता. पलीकडे उभ्या असलेल्याला त्याचा उपयोग नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती जुनी मीटरिंगची केस ऐकायला घेतली, तिचा प्रश्नच हा आहे की रेषेच्या पलीकडे, मेक्सिकोतच अडवलेला माणूस "येऊन पोचला" धरायचा की नाही.

लांबलं, माफ करा. बहिणीसाठी काय करता येईल ते वेगळं लिहितो, आत्ता कॉल आहे. आणि नवखा, धाग्यात त्या बाईंबद्दल याहून जास्त तपशील टाकू नका. त्या स्वतः पॅरोलवर आल्या असतील तर एप्रिल २०२५ ला अ‍ॅपवाल्या लोकांना पॅरोल संपल्याच्या ईमेल गेल्यात.

---

रोखठोक_नाना:

सगळं वाचलं. शर्टाचं वाचून वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण कोणीतरी दुसरी बाजू बोलायला पाहिजे म्हणून.

माझी प्रायोरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, २०१४ ची आहे. बारा वर्षं होत आली, टॅक्स भरतोय, पोरगी इथे कॉलेजला जाईल आता, आणि मी नोकरी बदलायची म्हटलं तरी दहादा विचार करतो. मला कोणी अ‍ॅप दिलं नाही. इमिग्रेशन कोर्टात २०२४ संपताना ३७ लाख केसेस पडून होत्या, न्यायाधीश सातशेच्या आसपास, म्हणजे आत शिरलं की चार-पाच वर्षं निकाल लागत नाही, अर्ज केला की १८० दिवसांनी वर्क परमिट. मग ज्याची केस कच्ची आहे तोही येणारच ना? मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो असतो. ९ लाखांवर लोक त्या अ‍ॅपवरून आत आले, त्यातले किती खरे छळ झालेले आणि किती रोजगारासाठी? आपलेच लोक डंकी मारून जातात, एजंटला घर विकून पैसे देतात आणि बॉर्डरवर आश्रय मागतात, फेब्रुवारी २०२५ ला १०४ जण मिलिटरीच्या विमानातून अमृतसरला उतरवले ते विसरलात का? कुठेतरी दार लावावंच लागतं. नाहीतर जो खरोखर जीव वाचवून पळालाय त्याचाच नंबर पाच वर्षांनी लागतो.

---

मोगरा_८१:

नाना, कोर्टाचं जे म्हणताय ते मान्य. पाच वर्षं लागतात हे खऱ्या माणसावरही अन्यायच आहे, त्यात आपलं दुमत नाही. पण एक सांगा, तुमची डेट २०१४ ची आहे ती उद्या २०२६ होईल का? ग्रीन कार्डचं बुलेटिन मागे जातं, दोन-दोन वर्षं मागे जातं, आपण शिव्या घालतो, पण तुमची तारीख तुमचीच राहते ना? नोकरी बदलली, नवी फाइल केली, तरी ती डेट तुमच्याबरोबर येते.

तिकडे तसं नाही. वहीतला नंबर एमपीपीत चालला नाही, एमपीपीची तारीख टायटल ४२ मध्ये चालली नाही, अ‍ॅपवर सहा महिने घालवलेले आता कुठेच धरत नाहीत. मी एका होंडुरासच्या माणसाला ओळखते ज्याने या तिन्ही रांगा लावल्या. तीनदा पहिल्यापासून. तुम्ही दार लावा म्हणता, लावा, पण ज्यांना टोकन देऊन बसवलंत त्यांचं तेवढं आटपून तरी लावायचं. सकाळच्या वेळेवाले आत, दुपारच्या वेळेवाले बाहेर, यात खरा कोण नि खोटा कोण हे कुठे तपासलं?

आणि ज्यांनी वाट बघितली नाही, कोयोटला, म्हणजे चोरून बॉर्डर पार करवणाऱ्या दलालाला, पैसे देऊन २०२३ लाच नदी ओलांडली, त्यांची केस निदान कोर्टात तरी आहे. नियम पाळणारेच राहिले. हे तिथल्या पोरासोरांनाही कळतं बरं का.

---

रोखठोक_नाना:

डेटचा मुद्दा पटला. टोकनवाल्यांना आत घेऊन मग बंद करायला हवं होतं, तेवढं मान्य. बाकी माझं मत तेच.

---

बर्फातला_कावळा:

कॅनडातून दोन ओळी. आमच्याकडे रॉक्सम रोडचं असंच झालं. न्यूयॉर्कहून बसने प्लॅट्सबर्गला यायचे, तिथून टॅक्सीने त्या रस्त्याच्या टोकाला, चालत क्युबेकमध्ये. २४ मार्च २०२३ ला जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्रीपासून लागू, आता संपूर्ण सीमेवर सेफ थर्ड कंट्री करार (आधी ज्या सुरक्षित देशात पोचलात तिथेच आश्रय मागा) लागणार, चौदा दिवसांच्या आत सापडलात तर परत अमेरिकेत. बसमध्ये बसलेल्या लोकांना कुठून कळणार? रात्री बाराच्या आधीची टॅक्सी आणि नंतरची टॅक्सी, एवढाच फरक. सरकारांना वाटतं आधी सांगितलं तर झुंबड उडेल, म्हणून असं अचानक करतात. त्यांचं गणित बरोबर असेलही, भोगतो मात्र तोच जो त्या रात्री वाटेत असतो.

---

कलमबहाद्दर:

आलो परत. बहिणीबद्दल.

नाक्यावर जाऊन आश्रय मागायचा म्हटलं तर सध्या तिथून परतच पाठवतात. नदी-भिंत ओलांडायची हे मी कोणालाच सुचवणार नाही, दोन मुलं घेऊन तर नाहीच. आत पकडलं तर आज फार तर छळाच्या भीतीवरून हद्दपारी थांबवण्यापुरती तपासणी होईल, तीही स्वतः ठासून भीती सांगितली तर, आणि ती कसोटी आश्रयापेक्षा कितीतरी कडक. शिवाय एकदा हद्दपारीचा हुकूम निघाला की पुढे काही दरवाजा उघडला तरी तो हुकूम आडवा येतो.

मेक्सिकोत आश्रय मागता येतो, त्यांच्या खात्याला कोमार म्हणतात, तिहुआनात त्यांचं ऑफिस आहे. पण गोम अशी की मेक्सिकोत आल्यापासून कामकाजाच्या ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ती अ‍ॅपवर नंबर लावत बसली त्यातच ते ३० दिवस केव्हाच गेले. उशिराचं योग्य कारण दाखवलं तर घेतात, म्हणून तो स्क्रीनशॉट, ते कन्फर्मेशनचं ईमेल, काही म्हणजे काही डिलीट करू नका. अमेरिकेत त्याचा उपयोग नसेल, तिथे कारण म्हणून दाखवायला होऊ शकतो. एकदा अर्ज केला की ज्या राज्यात केला तिथेच राहावं लागतं, न विचारता दुसरीकडे गेलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि मेक्सिकोने आश्रय दिला तर उद्या अमेरिकेचं दार उघडल्यावर "तुम्हाला तर तिकडे आसरा होता" असा मुद्दा निघू शकतो, म्हणून अर्जाआधी फुकट सल्ला देणाऱ्या एखाद्या संस्थेच्या वकिलाशी बोलायलाच पाहिजे. तिहुआनात अशा संस्था आहेत, मोगराताई सांगतील.

आणि फेसबुकवर "जुनी अपॉइंटमेंट परत चालू करून देतो" म्हणणारे आहेत. एक पैसा देऊ नका.

---

मोगरा_८१:

नवखा, व्यनि केलाय. शनिवारी जातेय, बहिणीला वाटलं तर येऊन भेटू दे, वकीलबाई त्या दिवशी असतात. मुलांची जन्मदाखल्याची मूळ प्रत आणायला सांग, फोनमधला फोटो चालत नाही.

---

नवखा_सॅनडिएगोकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, नाना तुमचेही.

काल रात्री बाईंशी बोललो. अ‍ॅप डिलीट करू नका म्हणून सांगायला गेलो तर हसल्या, म्हणाल्या बहिणीने फोनच बदललेला नाही, काच फुटलीय, बॅटरी टिकत नाही, पण नव्या फोनवर जुनं सगळं येईल की नाही या भीतीने तोच वापरतेय. कोमारच्या ३० दिवसांचं सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाल्या. बहिणीला कुणीतरी २०२४ लाच सांगितलं होतं म्हणे की मेक्सिकोत अर्ज करून ठेव, तिने केला नाही, कारण निवाऱ्यात सगळे म्हणत होते की तिकडे अर्ज केला तर इकडची अपॉइंटमेंट जाईल.

कलमबहाद्दर, असं खरंच होतं का तेव्हा, का नुसती अफवा? शनिवारी वकीलबाईंना पण विचारायला सांगतोय. जन्मदाखले एकाचे आहेत, धाकट्याचे काराकासला राहिलेत.